तीन चाकांचा गोतावळा

मंडळी, जगात हौशी लोकांना तोटा नाही. इंग्लंड-जर्मनीत दर उन्हाळ्यात काही जण आपल्या साठ-सत्तर वर्षं जुन्या, तीन चाकांच्या इवल्याशा मोटारी घासूनपुसून एखाद्या मैदानावर जमतात. एकमेकांची इंजिनं बघतात, सुट्या भागांची देवघेव करतात आणि मग फटफट करत गाड्यांची वरात काढतात. आता धर्माबादच्या माणसाला याचं काय कौतुक? स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तीन चाकंच उभी!

पण या गाड्या हौसेपोटी जन्मल्याच नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांकडे पैसा नव्हता. जर्मनीत विमानं बनवायला बंदी, म्हणून मेसरश्मिटच्या विमान कारखान्यात 1953 पासून तीन चाकी मोटार बनू लागली. तिचा आराखडा करणाऱ्या फ्रिट्झ फेंडने सुरुवात केली होती ती अपंगांसाठीच्या गाडीपासून. इटलीच्या इझो कंपनीची 'इझेटा' 1955 पासून बीएमडब्ल्यू बनवू लागली. तिचं दार थेट समोर, फ्रीजसारखं (इझो आधी फ्रीजच बनवायची!). 1956 मध्ये सुएझचं प्रकरण झालं आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. तिथे साधारण 400 किलोच्या आतली तीन चाकी गाडी मोटारसायकलच्या लायसन्सवर चालवता येई, करही कमी. मग काय, गिऱ्हाईक धावलंच.

1962 ची एका माणसाची 'पील पी 50' तर इतकी लहान, की तिला रिव्हर्स गिअरच नाही. मागचं हँडल धरायचं, उचलायची आणि वळवायची! अशी एक गाडी 2013 मध्ये अमेरिकेतल्या लिलावात एक लाख डॉलरच्या वर गेली.

आपल्याकडेही 1970 च्या दशकात बंगळूरच्या सनराईज कंपनीने 'बादल' नावाची मोटार काढली होती. फायबरचं अंग, पुढे एक चाक, मागे 198 सीसीचं इंजिन. पण हा बादल काही फार बरसला नाही.

मराठवाड्याला कामाला आली ती दुसरीच तीन चाकी, टेम्पो. हे मुळात हॅम्बुर्गजवळच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचं नाव. नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने 1958 मध्ये मुंबईत गोरेगावला त्यातली 'हॅन्सीट' बनवायला घेतली. पुढे एकच चाक, इंजिनही तिथेच. जर्मनीत ती 1956 मध्ये बंद झाली, आपल्याकडे मात्र 2000 पर्यंत बनत राहिली. 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण आपल्या तोंडातला 'टेम्पो' काही गेला नाही. चार चाकं असली तरी टेम्पोच! मग 1999 पासून बारामतीत पियाजोच्या ॲपे रिक्षा बनू लागल्या. 'आपे' म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. नाव अगदी शोभतं, दिवसभर घुं घुं आणि ओझं वाहणं.

आता एक सल. धर्माबाद 1948 पर्यंत निझामाच्या राज्यात होतं. त्या निझाम घराण्याची 1912 ची पिवळी रोल्स-रॉइस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात जपून ठेवली आहे. गंमत म्हणजे ती फारशी चाललीच नाही. आणि ज्या टेम्पोंनी मिरचीची पोती, लग्नाची भांडी, रात्रीबेरात्री दवाखान्यात नेलेली माणसं वाहिली, ते भंगारात गेले. जी चालली ती झिजली, जी उभी राहिली ती उरली.

तिकडच्या लोकांची गरज भागली, म्हणून त्यांना त्या गाड्यांकडे लाडाने बघता आलं. आपली गरज अजून संपली नाही. एक गाडी गेली की दुसरी तिच्या जागी उभी राहते, मग जुनीसाठी हळहळायला वेळ कुणाला? पण म्हणून ती इतिहास नाही असं थोडंच आहे?

असो. घरच्या मंडळींना एवढंच सांगणं : जुन्या अल्बममध्ये वरातीच्या मागे कुठे तीन चाकी टेम्पो दिसला, तर तो फोटो टाकू नका. आणि चालवणारा कोण होता ते आठवत असेल, तर मागे त्याचं नाव लिहून ठेवा. आपल्याकडे मैदानावर मेळा भरायचा तेव्हा भरेल, निदान नावं तरी तोवर टिकतील.