पायाच्या फुगलेल्या नसा आणि एका स्टुलाचा इतिहास

मंडळी, आज रस्ता, पूल, धानाचा बोनस यातलं काहीच नाही. आज पायांबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं वाचा आणि घरातल्या आई-काकूंनाही वाचून दाखवा. आपल्या बपेरा-सिहोरा पट्ट्यात हा आजार साडीच्या काठाखाली आणि पँटीच्या आत लपून राहतो. पोटरीवर निळ्या-हिरव्या, दोरीसारख्या वळणावळणाच्या नसा. संध्याकाळ झाली की पाय जड. घोट्याजवळ सूज, खाज, मग काळा पडलेला भाग. विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही, नसा चढल्या आहेत, वयामुळं होते." डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

वयामुळं होतं हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आपण काम कसं करतो यावर आहे. म्हणून हा विषय फक्त दवाखान्याचा नाही, गावाचाही आहे.

आजार नवा नाही. इजिप्तमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथात सापासारख्या वळणाच्या फुगवट्यांचा उल्लेख आहे आणि त्यांना सुरी लावू नका असा इशाराही आहे. ग्रीसमधल्या अथेन्सला ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला एक कोरीव दगड सापडला. त्यात एक माणूस भलामोठा पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि त्या पायावर फुगलेली नस स्पष्ट कोरली आहे. देवाला वाहिलेला नवस तो. आपल्याकडे लाकडाचे, चांदीचे हात-पाय वाहतात, तसाच.

आपल्या सुश्रुतसंहितेत ग्रंथींच्या प्रकारांत शिरेपासून होणारी ग्रंथी वेगळी सांगितली आहे. कारण काय दिलंय? अशक्त माणसानं झेपेल त्यापेक्षा जास्त श्रम करणं. म्हणजे कष्ट आणि नसा यांचं नातं तेव्हाही वैद्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

रोमचा सेनापती मारियस याची गोष्ट प्लूटार्कनं लिहून ठेवली आहे. त्याच्या दोन्ही पायांच्या नसा फुगल्या होत्या. बांधून न घेता त्यानं एका पायाची शस्त्रक्रिया करून घेतली, हूं की चूं केलं नाही. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र नको म्हणाला. एवढ्या वेदनेच्या मानानं फायदा त्याला दिसला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा सेनापतीसुद्धा शेवटी आपल्यासारखाच वागला: चालतंय तसं चालू द्या.

नसा फुगतात का, याचं उत्तर मिळायला मात्र सतरावं शतक उजाडलं. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फाब्रिसियस नावाचे प्राध्यापक होते. शिरांच्या आत लहान लहान झडपा असतात हे त्यांनी 1603 साली चित्रांसह छापलं. त्या झडपा रक्ताला थोपवून धरतात, एवढंच त्यांना वाटलं. त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे यानं 1628 साली पुढचं सांगितलं: झडपा एकाच दिशेनं उघडतात, हृदयाकडे. रक्त शरीरभर फिरतं आणि परत येतं, हे कोडं सुटण्यात या झडपांचा मोठा हात होता.

हे आपल्या भाषेत असं समजा. विहिरीवरच्या मोटरच्या पाइपला खाली फूट व्हॉल्व्ह असतो. तो चांगला असेल तर मोटर बंद झाली तरी पाइपातलं पाणी खाली सांडत नाही. व्हॉल्व्ह गेला की पाणी उलटं उतरतं. पायाच्या शिरांचंही तसंच. हृदयापर्यंत रक्त वर चढवायचं म्हणजे चढावरचं काम. ते करते पोटरी. पाऊल उचललं की पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर जातं आणि झडप मागून बंद होते. चालणाऱ्या माणसाचा पंप चालू असतो. एका जागी उभं राहिलेल्या माणसाचा पंप बंद असतो, पण पायातल्या रक्ताचा भार तसाच. वर्षानुवर्षे हे झालं की शिरा ताणतात, झडपांची तोंडं नीट मिटत नाहीत, रक्त खाली साचतं आणि कातडीखालची शीर फुगून वाकडी होते. आई-वडिलांना त्रास असेल, बाळंतपणं जास्त झाली असतील, वजन जास्त असेल तर धोका वाढतो. पण एका जागी तासन् तास उभं राहणं हे असं कारण आहे, जे माणसांनी ठरवलं तर कमी करता येतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. मोहाडी, आंधळगाव, पवनी ही विणकरांची गावं. हातमागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि पायानं पावड्या दाबायचा. कष्ट भरपूर, पाठ-मान धरायची, पण पोटरी दिवसभर हलायची. 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पुढं विणकरांच्या घरातली माणसं गिरणीत गेली. तिथला माग वाफेवर चालायचा आणि माणसानं त्याच्यासमोर उभं राहून लक्ष ठेवायचं. मागाचं काम तेच, पण बसलेला माणूस उभा झाला.

मुंबईच्या गिरण्यांतही तेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली हजारो गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार वेळेवर. रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली. आज आपण रविवार निवांत घालवतो तो या माणसामुळं. पण दुपारच्या अर्ध्या तासासाठीसुद्धा सह्या गोळा कराव्या लागत होत्या. मधल्या वेळात टेकायला जागा हवी, ही गोष्ट तर फार पुढची.

इंग्लंडमध्ये 1899 साली दुकानातल्या बायांसाठी खास कायदा झाला. दर तीन विक्रेत्या बायांमागे निदान एक बैठक ठेवायची, एवढीच सक्ती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 44 आलं. ज्यांना उभं राहून काम करावं लागतं, त्यांना कामात उसंत मिळाली की बसता यावं अशी सोय मालकानं करावी, असं ते कलम सांगत होतं. 2020 च्या नव्या कामगार संहितेतही ही तरतूद आहे. म्हणजे कागदावर स्टूल सत्तरपेक्षा जास्त वर्षांपासून आहे.

पण दुकानाचं काय? कापड दुकानातली पोरगी, मेडिकलमधला मुलगा, हॉटेलातला वेटर हे कारखान्यात येत नाहीत. केरळात कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या पेनकूट्टू संघटनेनं दुकानातल्या बायांसाठी आधी शौचालयाचा आणि मग बसण्याचा प्रश्न लावून धरला. गिऱ्हाईक नसतानाही बसायची बंदी, भिंतीला टेकलं तरी बोलणी, अशी त्या बायांची तक्रार होती. वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर 2018 साली केरळनं दुकाने कायद्यात बसण्याचा हक्क घातला. 2021 साली तामिळनाडूनं तेच केलं. आपल्या महाराष्ट्राचा दुकाने कायदा 2017 सालचा. तो आला तेव्हाच त्यातल्या बहुतेक तरतुदी दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना लागू नव्हत्या. तुमसरच्या बाजारातली दुकानं डोळ्यांसमोर आणा. दहा माणसं कामाला असलेली किती निघतील?

बसलं म्हणजे सुटलं, असंही नाही. आपल्या जिल्ह्यात बिडी वळणाऱ्या बाया पिढ्यान् पिढ्या मांडीवर सूप घेऊन बसल्या. पाय दुमडून तासन् तास बसलं तरी पोटरीचा पंप बंदच. रोवणीत बाई चिखलातून मागं मागं सरकत असते, म्हणजे पाऊल तरी हलतं. पण दिवसभर ओल्यात राहून बोटांत चिखल्या होतात, परे उपटताना-लावताना कुठं ओरखडा येतो. ज्या पायात रक्त साचलेलं आहे, तिथं लहानशी जखमसुद्धा महिनोन् महिने भरत नाही. घोट्याच्या आतल्या बाजूची न भरणारी जखम बऱ्याचदा याच आजाराची असते. लोक मलम बदलत राहतात, नसांकडे कोणी बघत नाही.

इथं एक गल्लत स्पष्ट करतो, कारण भंडारा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला आहे. पाय सुजला की शेजारी लगेच 'हत्तीपाय' म्हणून मोकळे होतात. हत्तीरोग डासांतून पसरणाऱ्या जंतानं होतो, तो लसिका वाहिन्यांचा आजार आहे. त्यासाठी सरकार गोळ्या वाटतं तेव्हा त्या समोरच खाव्यात, खिशात टाकू नयेत. व्हेरिकोज मात्र शिरांचा आजार आहे, तो कोणाकडून कोणाला लागत नाही. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून अंदाज न करता दाखवा.

उपचार मारियसच्या काळासारखे राहिले नाहीत. 1890 च्या सुमारास जर्मनीच्या ट्रेंडेलनबुर्ग यांनी मांडीतली मोठी शीर बांधण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढं शीर ओढून काढण्याची पद्धत आली. गेल्या पंचवीसेक वर्षांत लेसर आणि रेडिओ लहरींनी शीर आतूनच बंद करतात. दाबाचे लांब मोजे तर बहुतेकांना सांगितले जातात. आधी डॉप्लर सोनोग्राफी करून कोणती झडप निकामी आहे ते बघतात. मोजे मनानं विकत घेऊन घालू नका. मधुमेह असेल किंवा बिडी-तंबाखूमुळं पायाच्या धमन्या आखडल्या असतील तर घट्ट मोज्यानं नुकसान होतं.

घरी काय करायचं?

तासाला पाच मिनिटं चाला. जागा सोडता येत नसेल तर उभ्या-उभ्या टाचा वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा. रात्री पायाखाली उशी घेऊन पाय छातीपेक्षा थोडे वर ठेवा. वजन आटोक्यात ठेवा. फुगलेल्या नसा जोरानं चोळू नका, कुठं जाऊन टोचून रक्त काढू नका.

नस फुटून रक्त लागलं तर घाबरू नका. माणसाला आडवं करा, पाय उंच धरा, स्वच्छ कपड्यानं दाबून ठेवा आणि दवाखान्यात न्या. उभं ठेवलं तर रक्त थांबत नाही. एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला तर आत गाठ झालेली असू शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर तिथंच 108 लावा, सकाळची वाट बघू नका. जखम दोन आठवड्यांत भरत नसेल तर तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा आणि "नसांमुळं आहे का ते बघा" असं तोंडानं सांगा.

आता गावाचं काम. माझं म्हणणं साधं आहे. दुकानदार भाऊंनो, कायदा तुम्हाला लागू असो-नसो, काउंटरमागं एक स्टूल ठेवा आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसू द्या. रेशनच्या आणि बँकेच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांसाठी बाकडं ठेवा. राईस मिलवाल्यांनी तेच करावं. येत्या ग्रामसभेत मी दोन विषय लेखी देणार आहे: रेशन दुकान आणि बसथांब्यावर बाकडी, आणि रोवणी आटोपली की आरोग्य केंद्राकडून एक दिवस फक्त पाय तपासणी. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये वॉर्ड लिहा, मी कागद घेऊन येतो.

आणि आज रात्री आईचे पाय एकदा उजेडात बघा. ती सांगणार नाही, तुम्हालाच विचारावं लागेल.