हर्बर्ट चॅपमन : मैदानाबाहेरचा खेळाडू

फुटबॉलच्या सामन्याची हकीकत वाचतांना आपलें लक्ष चेंडूमागें धांवत असतें. गोल कोणीं केला व कोणाचा हुकला, एवढें समजलें म्हणजे आपलें समाधान होतें. त्या अकरा गड्यांना त्या त्या जागीं कोणीं उभें केलें, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतही तो फारसा कोणाच्या मनांत येत नसे. संघाची निवड क्लबचे संचालक करीत. आणि मॅनेजर म्हणून जो असे तो बहुधा पत्रें लिहिणारा व तिकिटांचा हिशेब ठेवणारा चिटणीस. ही स्थिति ज्यांनीं पालटली त्यांत हर्बर्ट चॅपमन याचें नांव पहिल्यानें घ्यावें लागतें. त्याचें चरित्र आम्ही येथें देत आहों तें केवळ खेळाच्या आवडीखातर नव्हे. एका माणसाची अब्रू गेली, ती परत आली, आणि मुळांत ती जावयास हवी होती काय, हाही प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

चॅपमनचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजीं यॉर्कशायरमधील किव्हेटन पार्क या कोळशाच्या खाणींच्या गांवीं झाला. बाप खाणींत कामाला होता. मुलगा हुशार निघाला व खाणकामाचें शास्त्र शिकला. खेळाडू म्हणून मात्र तो सामान्यच. त्याचा भाऊ हॅरी शेफिल्ड वेन्सडेच्या संघांत चमकला, लीगचें विजेतेपद दोनदां व १९०७ सालीं कपही मिळवून बसला. हर्बर्ट बिचारा ग्रिम्सबी, स्विंडन, नॉट्स काउंटी, टॉटनहॅम असा गांवोगांव फिरत राहिला. टॉटनहॅमकडून खेळतांना तो पिवळे बूट घालीत असे, एवढीच त्याच्या खेळाची आठवण लोकांनीं ठेविली! आमच्या मतें हें सामान्यपण पुढें त्याच्या कामींच आलें. ज्याला एखादी गोष्ट उपजत साधते, त्याला ती दुसऱ्यास समजावून सांगतां येतेच असें नाहीं; ज्याला साधत नाहीं, तो विचार करूं लागतो.

१९०७ सालीं नॉर्दॅम्प्टनच्या क्लबला मॅनेजर हवा होता. चॅपमननें आपला सोबती वॉल्टर बुल याचें नांव सुचविलें. बुलनें ऐन वेळीं नकार देऊन चॅपमनचेंच नांव पुढें केलें. सदर्न लीगमध्यें अगदीं तळाशीं असलेला हा संघ १९०९ सालीं विजेता ठरला. सतत चढाई केल्यानें प्रतिपक्ष आपल्या गोलाभोंवतीं दाटीनें उभा राहतो व वाट बंद होते. उलट आपण थोडी माघार घेतली तर तो पुढें ओढला जातो आणि मागें मोकळी जागा पडते, हें त्यानें येथें हेरलें. मावळच्या डोंगरांत ज्यांचे पूर्वज लढले, त्या आमच्या वाचकांना ही युक्ति नवी वाटणार नाहीं.

१९१२ सालीं तो लीड्स सिटीचा मॅनेजर झाला, आणि येथेंच त्याच्यावर संकट आलें. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. खेळाडूंना वेतन देऊं नये, फक्त खर्च द्यावा, असा युद्धकालीन नियम झाला. १९१६ सालीं चॅपमन बार्नबो येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांत व्यवस्थापनाच्या कामावर गेला व क्लबचा कारभार इतरांनीं पाहिला. १९१९ सालीं एका माजी खेळाडूनें तक्रार केली कीं, त्या काळांत क्लबनें खेळाडूंना चोरून पैसे दिले. चौकशी झाली, क्लबनें हिशेबाच्या वह्या दाखविण्याचें नाकारलें. शिक्षा विलक्षण कडक झाली. हंगामाचे आठ सामने होऊन गेले असतां ऑक्टोबर १९१९ मध्यें क्लब लीगमधून काढून टाकण्यांत आला, आणि लीड्समधील एका हॉटेलांत त्याच्या खेळाडूंचा लिलाव झाला. सर्व मिळून ९,२५० पौंड आले. आदल्या वर्षअखेर राजीनामा दिलेला चॅपमन व आणखी चौघे यांना फुटबॉलमध्यें कायमची बंदी झाली. चॅपमन सेल्बी येथील एका कारखान्यांत नोकरी करूं लागला.

पुढें हडर्सफील्डच्या क्लबला तो हवासा झाला, आणि पैसे दिले गेले त्या वेळीं आपण कारखान्यांत होतों, ही त्याची बाजू मान्य होऊन बंदी उठली. या निकालावर आमचें पूर्ण समाधान होत नाहीं. कारखान्यांतील हजेरी हा हातीं हिशेब नसल्याचा पुरावा आहे. कानीं कांहींच नसल्याचा नव्हे. परंतु ज्या वह्या कोणीं पाहिल्याच नाहींत, त्यांच्या आधारावर एखाद्याचा जन्माचा धंदा बुडविणें हा तरी न्याय कसला? संशयाचा फायदा आरोपीस द्यावयाचा तर तो येथेंही द्यावा लागेल.

हडर्सफील्डचा क्लब दोन वर्षांपूर्वीं कर्जापायीं गांव सोडण्याच्या बेतांत होता. १९२१ सालीं चॅपमन तेथें आला; १९२२ सालीं त्या संघानें कप जिंकला, आणि १९२४ व १९२५ अशीं लागोपाठ दोन वर्षें लीग जिंकली. पैकीं पहिल्या वर्षीं कार्डिफ सिटीचे व याचे गुण सारखेच झाले होते. केवळ गोलांच्या सरासरीनें निकाल लागला.

त्याच वर्षीं लंडनच्या आर्सेनल क्लबचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनीं मॅनेजरसाठीं जाहिरात दिली. खेळाडू विकत घेण्यांत भरमसाट पैसा उधळणाऱ्यांनीं अर्ज करूं नये, असा तिचा आशय होता. निवड झाली चॅपमनची, सालिना २,००० पौंडांवर. आणि पुढें त्याच्याइतका पैसा कोणींच उधळला नाहीं! १९२८ सालीं डेव्हिड जॅकसाठीं बोल्टनला १०,८९० पौंड मोजले गेले. सौदा एका हॉटेलांत झाला. पाहुण्यांच्या पेल्यांत दुप्पट मद्य घालावें व आपल्या पेल्यांत मद्याचा थेंबही घालूं नये, अशी चॅपमननें वाढप्यास आधींच ताकीद देऊन ठेविली होती, असें सांगतात.

१९२५ सालीं ऑफसाइडचा नियम सैल झाला. पूर्वीं पुढच्या गड्याच्या आणि गोलच्या मध्यें प्रतिपक्षाचे तीन गडी लागत, आतां दोन पुरेसे झाले. लीगमधील गोलांची संख्या एका वर्षांत ४,७०० वरून ६,३७३ वर गेली. ३ ऑक्टोबर रोजीं न्यूकॅसलनें आर्सेनलवर सात गोल चढविले व एकही घेतला नाहीं. संघाचा नायक चार्ली बुकन संतापला. मधल्या गड्यास मागें आणून बचावांत तिसरा खांब रोवावा, असें त्याचें म्हणणें होतें. चॅपमननें तें ऐकून घेतलें व लगेच अमलांत आणलें; दोन दिवसांनीं वेस्ट हॅमचा ४–० असा पराभव झाला. या रचनेचें सारें श्रेय चॅपमनला देण्याची रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. कल्पना बुकनची, ती मानण्याचा मोठेपणा चॅपमनचा. त्या वर्षीं आर्सेनल दुसरें आलें. पहिलें कोण? चॅपमननें सोडलेलें हडर्सफील्ड!

१९२७ सालीं क्लबचा पैसा खासगी कामीं वापरल्यावरून नॉरिस यांच्यावर बंदी आली. पुन्हां हिशेबाच्याच वह्या; पण या वेळीं चॅपमनवर शिंतोडा उडाला नाहीं. संघ निवडण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हातीं होता. शर्टांवर आंकडे, रात्रीं विजेच्या दिव्यांत खेळ, मैदानावर मोठें घड्याळ, अशा त्याच्या कल्पना अधिकाऱ्यांना रुचत नसत. १९३२ सालीं मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनाचें नांव बदलून ‘आर्सेनल’ करवून घेतलें तेंही त्यानेंच.

२६ एप्रिल १९३० रोजीं कपचा अंतिम सामना वेम्ब्ली येथें आर्सेनल व हडर्सफील्ड यांच्यांतच झाला. चॅपमनच्या मानार्थ दोन्ही संघ बरोबरीनें मैदानांत उतरले. खेळ चालूं असतां ‘ग्राफ झेपेलिन’ ही जर्मन वायुनौका डोक्यावरून गेली. आर्सेनलनें दोन गोलांनीं सामना जिंकला, आणि पुढल्या वर्षीं ६६ गुण मिळवून लीगही जिंकली. लंडनच्या क्लबला तो मान प्रथमच मिळत होता. पण जानेवारी १९३३ मध्यें वॉल्सॉलसारख्या खालच्या वर्गांतील संघाकडून कपमध्यें तो २–० असा हरला. ज्या टॉमी ब्लॅकच्या चुकीमुळें पेनल्टी मिळाली, त्याला चॅपमननें आठवड्याच्या आंत प्लिमथला विकून टाकलें. ही कठोरता आम्हांस खटकते. ज्यानें स्वतः एकदां कायमची शिक्षा भोगली, त्यानें दुसऱ्याच्या एका चुकीस एवढें मोल लावावें, हें विपरीतच म्हटलें पाहिजे.

१९३४ च्या पहिल्या आठवड्यांत तो उत्तरेकडील दोन सामने पाहून सर्दी घेऊन परतला. घरीं बसावें, असा सल्ला त्याला मिळाला. पण क्लबचा तिसरा संघ गिल्डफर्ड येथें खेळत होता, तो पाहावयास गेल्यावांचून त्याला राहवेना. न्यूमोनिया झाला, आणि ६ जानेवारीस पहाटे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं तो हेंडन येथील घरीं वारला. त्याच दुपारीं आर्सेनलचा सामना स्वतःच्या मैदानावर शेफिल्ड वेन्सडेशीं ठरलेला होता. तो ठरल्याप्रमाणें खेळला गेला. आर्सेनलनें ती लीग जिंकली व पुढलीही, म्हणजे ओळीनें तीन झाल्या. हडर्सफील्डनेंही पूर्वीं ओळीनें तीनच जिंकल्या होत्या. आणि दोन्ही वेळां तिसरी पुरी झाली तेव्हां चॅपमन तेथें नव्हता.

२००६ सालीं क्लबनें जुनें मैदान सोडलें. नव्या मैदानाबाहेर २०११ सालीं त्याचा ब्रांझचा पुतळा बसविण्यांत आला. हात पाठीमागें बांधून, मैदानाकडे तोंड करून तो बाहेरच उभा आहे.