हवालदाराचा अर्ज

यादवी युद्धानंतर अमेरिकेने आपले सेनानी एकामागून एक अध्यक्षपदी बसविले: १८६९ मध्ये ग्रँट, पुढे हेज आणि गारफिल्ड. रणांगणातून राजकारणाकडे जाणारी ही वाट त्याच शतकात कोकणातील एक हवालदारही चालला. त्याच्या वाट्यास आले ते तालुका लोकल बोर्डाचे सभासदत्व.

महाडजवळच्या रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त होऊन रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीस राहिले. तेथे पेन्शनर सैनिकांची वसाहतच होती. गावाच्या नावाला 'कॅम्प' हा शब्द चिकटला तो छावणीमुळे. पलटणीने महार सैनिकाला अक्षरओळख दिली असे नेहमी सांगितले जाते. आमच्या मते पेन्शनचे महत्त्व अधिक: गावकीच्या मर्जीवर पोट अवलंबून नसलेला माणूसच गावकीला जाब विचारू शकतो. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी प्रभावित झालेल्या गोपाळबाबांनी 'दीनबंधू'त लिहिले, 'विटाळ विध्वंसन'मधून धर्मधुरीणांपुढे अस्पृश्यतेविषयी २६ प्रश्न ठेवले आणि 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' स्थापन केली.

१८९२-९३ च्या सुमारास 'लढवय्या जातीं'च्या सिद्धान्तापायी महारांची लष्करभरती बंद झाली. ती पुन्हा खुली व्हावी म्हणून १८९४ मध्ये गोपाळबाबांनी सरसेनापतींसाठी अर्ज लिहिला. अस्पृश्य मूळचे क्षत्रिय, असा त्यातील एक युक्तिवाद. येथे वाचक थबकतो. मंडळीच्या नावात 'अनार्य' आणि अर्जात 'क्षत्रिय'? याला वैचारिक गोंधळ म्हणणे सोपे आहे. आम्हांस ते पटत नाही. अर्ज हाही एक लेखनप्रकार आहे, आणि त्याचा वाचक आधीच ठरलेला असतो. सरकार कुळ पाहून शिपाई निवडीत होते, तेव्हा कुळाचाच दाखला पुढे करणे भाग होते. मात्र त्याची किंमत मोठी होती. ज्या जन्माच्या मापाविरुद्ध २६ प्रश्न विचारले, तेच माप येथे मान्य करावे लागले.

१८९५ मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. सवर्ण सभासदांनी त्यांच्या शेजारी बसण्यास हरकत घेतली. म्हणजे पद मिळाले तरी खुर्चीचा प्रश्न उरलाच. १९०० मध्ये गोपाळबाबांचे निधन झाले.

भरतीची मागणी १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मांडली. त्यांच्या अर्जाचा भर क्षत्रिय कुळावर नव्हता. माणूस आणि प्रजाजन म्हणून असलेल्या हक्कांवर होता.