बाजार संशोधनाचे दुय्यम स्रोत (भारत)

बाजार संशोधनाचे दुय्यम स्रोत म्हणजे इतरांनी पूर्वी, बहुधा वेगळ्या हेतूने गोळा केलेली आणि बाजारपेठेच्या अभ्यासासाठी पुन्हा वापरली जाणारी माहिती होय. अभ्यासकाने मुलाखती, प्रश्नावली वा निरीक्षणाद्वारे स्वतः मिळवलेली माहिती प्राथमिक मानली जाते.

प्रमुख स्रोत

शासकीय : जनगणनेतून लोकसंख्येची, तर १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतून कुटुंबांच्या खर्चाची माहिती मिळते. वार्षिक उद्योग पाहणी मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांपुरती असते. घरगुती उद्योग तिच्यात येत नाहीत. महाराष्ट्र शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करते. ‘ॲगमार्कनेट’ या संकेतस्थळावर कृषी उत्पन्न बाजार समित्यांमधील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर आढळतात. शेतकऱ्याने बाजार समितीबाहेर केलेली थेट विक्री त्यांत धरलेली नसते.

कंपन्यांची कागदपत्रे : कंपन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सादर केलेले ताळेबंद शुल्क भरून पाहता येतात. सूचिबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल विनामूल्य उपलब्ध असतात.

खासगी संस्था : १९७६ मध्ये स्थापन झालेली मुंबईची ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ ही संस्था वर्गणीदारांना आकडेवारी पुरवते.

मर्यादा

कालबाह्यता : २०११ नंतरची, २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना लांबणीवर पडली. कुटुंबांच्या उपभोग खर्चाच्या २०११-१२ मधील पाहणीनंतर २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेच्या कारणावरून प्रसिद्ध झाले नाहीत. २०२२-२३ चे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. त्यामुळे मधल्या काळातील अनेक अंदाज जुन्या आकड्यांवर आधारलेले आहेत.

व्याख्येतील बदल : सूक्ष्म उद्योगासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा जुलै २०२० पासून ५ कोटी रुपये होती, ती एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली. या बदलाच्या आधीच्या व नंतरच्या संख्यांची थेट तुलना दिशाभूल करणारी ठरते.

हितसंबंध : समभाग विक्रीच्या माहितीपत्रकातील उद्योगविषयक प्रकरण अनेकदा कंपनीनेच शुल्क देऊन तयार करून घेतलेल्या अहवालावर आधारित असते.

पडताळणी

आकडा कोणी, केव्हा, कोणत्या हेतूने व कोणत्या पद्धतीने गोळा केला, हे मूळ प्रकाशनात पाहणे आवश्यक असते. अनेक अहवालांत तोच आकडा आढळला, तरी त्या सर्वांचे मूळ एकच असल्यास तो एकच पुरावा ठरतो. स्वतंत्र स्रोतांतील आकडे जुळत नसतील, तर प्रथम त्यांची व्याप्ती, व्याख्या व संदर्भवर्ष तपासले जाते.