मोतीबिंदू नेमका असतो कुठे?

वय वाढले की केस पिकतात, गुडघे कुरकुरतात आणि डोळ्यातले भिंग गढूळ होते. या शेवटच्या दुखण्यावर माणूस सुमारे दोन हजार वर्षे शस्त्रक्रिया करीत आला आहे. मात्र त्यातील बहुतेक काळ आपण डोळ्यातले नेमके काय हलवतो आहोत, हेच त्याला ठाऊक नव्हते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'लिंगनाशा'वरची शस्त्रक्रिया दिली आहे. डोळ्यात शलाका घालून दृष्टीआड येणारा अडथळा दूर करायचा. अरब देशांत आणि युरोपातही शलाकेने अडथळा बाजूला ढकलण्याची रीत होती. तिथली समजूत अशी, की बाहुलीमागे दूषित द्रव उतरून गोठतो. 'कॅटरॅक्ट' म्हणजे धबधबा हे नाव त्यावरूनच पडले. भिंग हे तर दृष्टीचे मुख्य स्थान मानले जाई. ते ढकलले तर रोगी आंधळा होईल. पण त्याला तर दिसू लागते! तेव्हा ढकलले जाते ते भिंग नव्हेच. तर्क बिनचूक, गृहीतक मात्र चुकीचे.

इ.स. १७०५ मध्ये मिशेल ब्रिसो या फ्रेंच वैद्याने मोतीबिंदू झालेल्या एका मृत सैनिकाच्या डोळ्यावर हीच शस्त्रक्रिया केली आणि मग डोळा कापून पाहिला. खाली सरकले होते ते गढूळ भिंगच. पॅरिसच्या विज्ञान अकादमीला हे प्रथम पटले नाही. वास्तविक प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते, हे केपलरने १६०४ मध्येच मांडले होते!

भिंग गढूळ का होते? त्याच्या गाभ्यातील पेशींना केंद्रक नसते, त्यामुळे तिथली प्रथिने बदलली जात नाहीत. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या भिंगाच्या गाभ्यात जन्माआधीची प्रथिने असतात. ऊन, धूम्रपान आणि मधुमेह त्यांची हानी वाढवतात. मग ती गोळा होऊन प्रकाश विखुरतात.

१७४७ मध्ये जाक दाव्हिएलने भिंग ढकलण्याऐवजी बाहेरच काढले. त्यानंतर जाड चष्मा आला. तो टळला हॅरॉल्ड रिडली यांच्यामुळे. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेल्या पर्स्पेक्सच्या कपच्या डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवले. अनेक नेत्रतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे विरोध केला. पुढे १९९२ मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबने अशी भिंगे स्वस्तात बनवायला घेतली. साधे कृत्रिम भिंग आपली वक्रता बदलू शकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही वर्तमानपत्र वाचताना आजोबा चष्मा शोधतातच.