कोल्हापूर मिशन आणि देणगीचे अर्थकारण : रॉयल वायल्डर यांचा स्वतंत्र कालखंड (१८६१–१८७०)

प्रास्ताविक :

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनांचा इतिहास प्रामुख्याने शिक्षण, आरोग्यसेवा, धर्मांतर आणि भाषाकार्य या अंगांनी लिहिला गेला आहे. हे कार्य ज्या पैशावर उभे राहिले तो कोठून येत होता आणि तो मिळविण्याच्या खटाटोपाचा मिशनऱ्याच्या दैनंदिन जीवनावर कोणता परिणाम होत होता, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. या दृष्टीने कोल्हापूर मिशनची १८६१ ते १८७० ही नऊ वर्षे महत्त्वाची ठरतात. कारण या काळात मिशनच्या पाठीशी कोणतेही मंडळ नव्हते.

मंडळाशी फारकत :

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १८१६ मध्ये जन्मलेले रॉयल गूल्ड वायल्डर १८४६ मध्ये अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून अहमदनगर येथे आले. तेथील शाळांचे काम पाहिल्यानंतर १८५२ मध्ये त्यांनी कोल्हापुरात मिशन सुरू केले. अमेरिकन बोर्डाच्या व्यवस्थेत निधी गोळा करण्याची जबाबदारी बॉस्टन येथील कार्यालयाकडे होती. ‘मिशनरी हेरल्ड’ या त्याच्या मासिकात गावोगावच्या देणग्यांच्या याद्या प्रसिद्ध होत. मिशनऱ्याला वेतन मिळे. देणगीदारापुढे स्वतः हात पसरण्याची वेळ त्याच्यावर सहसा येत नसे. मात्र या निश्चिंततेच्या मोबदल्यात मंडळाचे धोरण त्याला मान्य करावे लागे.

वायल्डर यांचा संघर्ष याच मुद्द्यावर झाला. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४–५५ मध्ये भारतात आले. देशी ख्रिस्ती मंडळ्या स्वयंशासित, स्वावलंबी आणि स्वयंप्रसारक व्हाव्यात, हे त्यांचे सूत्र होते. त्यामुळे इंग्रजी शिक्षण देणाऱ्या शाळांपेक्षा देशी भाषेतील धर्मप्रसारावर भर देण्यात आला आणि शाळांवरील खर्चाला कात्री लागली. वायल्डर यांच्या मते शाळा हेच समाजात प्रवेश करण्याचे प्रभावी साधन होते. १८५७ मध्ये ते मायदेशी गेले. पुढे बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला. आपली बाजू त्यांनी १८६१ मध्ये मिशन शाळांवरील पुस्तकाद्वारे मांडली आणि त्याच वर्षी स्वतंत्र मिशनरी म्हणून ते कोल्हापुरास परतले.

टपाल, डॉलर आणि दैनंदिन जीवन :

यानंतर मिशनचा खर्च भारतातील व अमेरिकेतील हितचिंतकांच्या वर्गणीवर चालू लागला. बाजारातील प्रवचने, गावोगावचे दौरे, शाळांची देखरेख आणि मराठी लेखन या कामांना आता पत्रव्यवहार व हिशेब यांची जोड मिळाली. बॉस्टनचे कार्यालय जे काम करीत होते, तेच आता कोल्हापुरातील एका घरावर येऊन पडले. संसाराचा आणि मिशनचा खर्च एकाच स्रोतावर अवलंबून राहिला. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म याच काळात, १८६३ मध्ये, कोल्हापुरात झाला.

त्यावेळी कोल्हापूर रेल्वेने जोडलेले नव्हते. येथे रेल्वे आली ती १८९१ मध्ये. सुएझ कालवाही १८६९ पर्यंत खुला झाला नव्हता. अमेरिकेस पाठविलेल्या पत्राचे उत्तर हाती येण्यास काही महिने लागत. साहजिकच शाळेचा शिक्षक नेमताना पुढील वर्गणी गृहीत धरूनच निर्णय घ्यावा लागे.

त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. युद्धखर्चासाठी तेथील सरकारने १८६२ पासून कागदी डॉलर चलनात आणले आणि त्यांचे मूल्य घसरत गेले. १८६४ च्या उन्हाळ्यात शंभर सुवर्ण डॉलरसाठी सुमारे २८५ कागदी डॉलर मोजावे लागत. एका सुवर्ण डॉलरचे त्या काळी साधारण दोन रुपये होत. म्हणजे घसरणीच्या टोकाला कागदी डॉलरचे पाऊण रुपयाहूनही कमी होत होते. देणगीदाराने आपली वर्गणी तेवढीच ठेवली, तरी कोल्हापुरात पोहोचणारी रक्कम निम्म्याहून कमी होई. याच काळात कापसाच्या तेजीमुळे मुंबई इलाख्यात महागाई वाढली होती. उत्पन्न घटले आणि खर्च वाढला, अशा दुहेरी पेचात हे मिशन सापडले.

आकड्यांची भाषा :

वायल्डर यांच्या एकूण कार्याविषयी काही आकडे नेहमी उद्धृत केले जातात : तीन हजारांहून अधिक शहरे व खेडी येथे प्रवचने, तीस लाखांहून अधिक पृष्ठांच्या पत्रिकांचे वाटप आणि ३,३०० हून अधिक विद्यार्थी, त्यांपैकी ३०० मुली. या आकड्यांकडे कार्याचा पुरावा म्हणून पाहिले जाते. परंतु ते देणगीदारास समजेल अशा भाषेतही आहेत. खेडी, पृष्ठे आणि विद्यार्थी मोजता येतात. श्रोत्यांनी काय ऐकले, पत्रिका कोणी वाचल्या, मुली शाळेत किती काळ टिकल्या, हे त्यांतून कळत नाही. देणगीच्या गरजेतून तयार झालेली मिशनची कागदपत्रे स्थानिक समाजेतिहासासाठी वापरताना हे भान आवश्यक ठरते.

हस्तांतर व पुढील वाटचाल :

१८७० मध्ये कोल्हापूर मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे सोपविण्यात आले. एका व्यक्तीच्या पत्रव्यवहारावर उभे असलेले कार्य त्या व्यक्तीच्या प्रकृतीइतकेच नाजूक असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. वायल्डर १८७५ मध्ये अमेरिकेस परतले आणि १८७८ पासून त्यांनी ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालविले. रॉबर्ट वायल्डर यांनी १८८६ नंतर अमेरिकन महाविद्यालयांत फिरून विद्यार्थ्यांना मिशनकार्यासाठी प्रवृत्त केले. पित्याने वर्गणीदार शोधले, पुत्राने माणसे शोधली.

याच मिशनच्या परिसरात विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. त्याच्या इमारतीस अमेरिकन देणगी लाभली. मात्र पुढे ऐपतदार रुग्णांच्या शुल्कातून गरिबांवरील उपचारांना हातभार लागला. शाळांना न साधलेले स्थानिक उत्पन्न रुग्णालयाला साधले.

निष्कर्ष :

मंडळापासून स्वतंत्र झाल्याने वायल्डर यांना शैक्षणिक धोरणाचे स्वातंत्र्य मिळाले, आर्थिक स्वातंत्र्य नव्हे. एका मंडळाची जागा अनेक देणगीदारांनी घेतली. अँडरसन यांनी ज्या स्वावलंबनाचा आग्रह धरला, त्याचा प्रश्न वायल्डर यांच्या शाळांनाही सुटला नाही. कोल्हापूरच्या शाळेतील शिक्षकाचे वेतन अमेरिकेतील युद्ध आणि चलन यांवर अवलंबून राहणे, हे या काळातील मिशनच्या इतिहासाचे महत्त्वाचे, पण उपेक्षित वास्तव आहे.