हबशाची काच, सबाची लिपी

आपल्याकडे एखाद्याला काळा म्हणून हिणवायला ‘हबशी’ हा शब्द सर्रास वापरतात, मुस्लिम मोहल्ल्यांतही. त्याच मोहल्ल्यांत हजरत बिलाल हबशींचे नाव मात्र अदबीने घेतले जाते. या विसंगतीच्या मुळाशी एक समज आहे : जे थोर ते अरबस्तानातून निघाले, आफ्रिकेने ते फक्त घेतले. इतिहास तसे सांगत नाही.

येमेन आणि आफ्रिका यांच्यामध्ये बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी आहे. अरुंद जागी जेमतेम ३० किलोमीटरची. लिपी जन्मण्याच्या कितीतरी आधी लोक ती ओलांडत होते. पुरावा आहे ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा. ती फोडली की धारदार पाती मिळतात. येमेनच्या तिहामा किनाऱ्यावर नवाश्मयुगीन आणि कांस्ययुगीन वस्त्यांत ही काच सापडली. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत मूलद्रव्यांचे प्रमाण वेगळे असते. तपासणीत यातली बरीच काच आफ्रिकेची निघाली. म्हणजे माल तिकडून इकडे येत होता.

पुढे प्रवाह उलटही वाहिला. उत्तर इथिओपियात येहा येथे इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमाराचे दगडी मंदिर आजही उभे आहे. धाटणी सबाची, लिपी सबाची, देवही सबाचा अल्मकह. कुरआनात जिच्या राणीची कथा येते तेच हे सबा. यावरून कॉन्ती रोसिनीसारख्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ठरवून टाकले की, अरब वसाहतवाल्यांनी हबशाला संस्कृती दिली. आज हे मत मागे पडले आहे, कारण तिथे स्थानिक भांडी, स्थानिक वस्त्या आणि स्थानिक राजेही होते.

घेतलेली लिपीही हबशाने आपलीशी केली. सबाची लिपी सहसा उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाई. तिच्यापासून झालेली गीझ लिपी डावीकडून उजवीकडे जाते. इ.स. चौथ्या शतकाच्या सुमारास तिने व्यंजनाला स्वर जोडले आणि प्रत्येक अक्षराची सात रूपे झाली, अगदी आपल्या बाराखडीसारखी. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या मला हे फार जवळचे वाटते.

देणे परतही आले. कुरआनात हजरत ईसांच्या साथींसाठी येणारा ‘हवारी’ हा शब्द गीझमधून आल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि सुमारे इ.स. ६१५ मध्ये मक्केत छळ झालेल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या नजाशीने. ती हिजरत अनोळखी मुलुखात नव्हती, हजारो वर्षे मळलेल्या वाटेवरची होती.

मुलांच्या तोंडून ‘हबशी’ ही शिवी आली, तर आपण तिथेच थांबावे आणि त्यांना हा इतिहास सांगावा.